नोकरी सोडण्याआधी घरी पोचल्यावरचा पहिला अर्धा तास बघा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज दुपारी ओपीडी संपल्यावर पुन्हा एकदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या बार्शीच्या, सोलापुरात बँकेत नोकरी, सासर तेलुगू बोलणारं. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा. नवरा पुण्यात, शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो आणि सोमवारी पहाटे त्याच गाडीनं परत जातो. दिवसभर मुलगा सासूबाईंपाशी. समोर मोबाइल धरल्याशिवाय घास गिळत नाही. बोलतो कमी, तुम्ही मोजलेत तेव्हा पंचवीसेक शब्द भरले. साडेसहाला तुम्ही दारात आलात की आजीच्या पदरामागे लपतो, आणि मग पाच मिनिटांत तुम्हालाच मारायला धावतो. शेजारणी म्हणतात दोन भाषांनी पोर गोंधळलंय. तुमची आई म्हणते नोकरी सोड. आणि तुम्ही विचारताय, "माझ्या नोकरीमुळं त्याचं नुकसान होतंय का?"

मी सोलापुरात २४ वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो, आणि बहुतेक वेळा तो नोकरीबद्दल नसतो. तुमच्या लिहिण्यातही मला दुसरंच काहीतरी दिसलं. आजी आणि नातू यांचं एक जग तयार झालंय, त्या जगाची भाषा तुम्हाला नीट येत नाही, आणि रोज संध्याकाळी तुम्ही त्याच्या उंबऱ्यावर पाहुण्यासारख्या उभ्या राहता. हे दुखणं खरं आहे. पण राजीनामा दिल्यानं ते आपोआप बरं होईल असं मला वाटत नाही.

त्याआधी तपासण्यांचं बोलते, कारण मूल समोर नसताना डॉक्टरनं गप्पा मारत सुटू नये.

पहिली तपासणी कानांची. "ऐकू येतंय की, टीव्हीवर जाहिरात लागली की पळत येतो," असं प्रत्येक घरात सांगतात. पण वारंवारच्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं मूल जाहिरात ऐकतं आणि बोलण्यातले बारीक फरक त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुसरी रक्ताची. जेवत नाही म्हणून दिवसाला चार-पाच बाटल्या दूध जातं, असं तुम्ही लिहिलंय. एवढं दूध भूक मारतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं आम्ही धरतो. लोह कमी पडलेलं मूल किरकिर करतं, त्याचं कशात लक्ष लागत नाही, जेवण पुढं आलं की तोंड फिरवतं. अशा मुलाच्या आईला मायेवर व्याख्यान देणं म्हणजे निव्वळ अन्याय. रक्त तपासा, औषध लागलं तर घ्या.

तिसरं तुम्ही घरीच बघू शकता. हाक मारली की वळतो का? हवं ते बोटानं दाखवतो का? आकाशात विमान दिसलं तर बोट करून वर तुमच्याकडे बघतो का, 'तू पण बघ' अशा नजरेनं? रिकाम्या कपातून खोटा खोटा चहा पितो, तुम्हाला पाजतो का? आधी येत असलेले शब्द गेलेत का? यातलं काही खटकत असेल तर माझं पुढचं सगळं सध्या बाजूला ठेवा आणि बालविकासाच्या तज्ज्ञांकडे जा. 'मुलगे उशिरानंच बोलतात', 'याचा बापही तीन वर्षांनी बोलला' या वाक्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मुलांची वर्षं खाल्ली आहेत. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी इथंच सांगून ठेवते: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल तर पुढं पाठवतं.

आता भाषा. तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात: "मधेच 'नानम्मा रा' असं काहीतरी पुटपुटतो." ताई, ते पुटपुटणं नाही. 'नानम्मा रा' म्हणजे 'आजी, ये'. दोन शब्द जोडलेलं ते पूर्ण वाक्य आहे. तुम्ही मोजलेले पंचवीस शब्द फक्त मराठी होते, बरोबर? मुलाचे शब्द मोजताना घरातल्या सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे असतात. दोन वर्षांच्या मुलाकडं साधारण ५० शब्द असावेत आणि त्यानं दोन शब्द जोडायला लागावं, एवढीच आमची ढोबळ अपेक्षा असते. तुमचा मुलगा कदाचित त्यात बसेलही. दोन भाषांमुळं मूल मागं पडत नाही. पडत असतं तर कन्नड, तेलुगू, मराठी, हिंदी एका गल्लीत बोलणारं आपलं अर्धं सोलापूर मुकंच राहिलं असतं.

हे मी आज छातीठोकपणे सांगते, पण नेहमी सांगत नव्हते. प्रॅक्टिस नवी होती तेव्हाची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं एक कुटुंब दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. बोलत नाही म्हणून. मी तेव्हाच्या समजुतीप्रमाणं सांगून टाकलं, "घरात एकच भाषा ठेवा, मराठी." पुढं आठ-नऊ महिन्यांनी त्याच गल्लीत दुसरं एक आजारी मूल बघायला गेले होते, तर दारात त्या मुलाची आजी विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री. मूल दोन हातांच्या अंतरावर पानाचे कापलेले तुकडे चिवडत बसलेलं. पंधरा मिनिटं मी समोरच्या घरात होते. त्या पंधरा मिनिटांत दोघांत एक शब्द झाला नाही. निघताना मी विचारलं, तर आजी म्हणाली, "बाई, तुमीच बोललाव की, मराठी बोला म्हणून. मला येतंय थोडंच मराठी. म्हनून गप बसायलेय."

मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोराशी दिवसभर बोलणारं एकच माणूस होतं आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं. मी म्हटलं, "आजी, चुकलं माझं. तुमच्या भाषेत बोला, हवं तेवढं बोला." तिनं आधी सुनेकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मग पंचवीस-पंचवीस विड्यांची बंडलं बांधून ठेवली होती ती मोजायला लागली, "ओकटी, रेंडू, मूडू..." मूल काही बोललं नाही. नुसतं सरकत तिच्याजवळ आलं आणि हातातला पानाचा तुकडा तिच्या सुपात टाकला. शब्द यायला पुढं चारेक महिने गेले. (तंबाखूची धूळ लहान मुलाजवळ नको, हे मी तेव्हाही बजावलं होतं आणि आजही बजावते. पण खोली एकच असली तर माणूस करणार काय, हाही प्रश्न आहेच.)

तर सासूबाईंची तेलुगू अजिबात थांबवू नका. उलट तुम्ही शिका. रोज एक शब्द, मुलाच्या देखत, सासूबाईंकडून. 'पाण्याला काय म्हणता?' 'नीळ्ळू.' तुम्ही चुकीचा उच्चार करा, त्यांना हसू द्या, पोराला हसू द्या. ज्या घरात आई शिकताना दिसते तिथं मूल बोलायला बिचकत नाही. आणि खरं सांगायचं तर हा शब्द पोरासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त आहे. उंबऱ्यावरून आत यायची वाट तिथूनच जाते.

आता नोकरीकडं येते. आईनं कामाला जाणं ही या गावात बँकांबरोबर आलेली गोष्ट नाही. हजार विड्यांवर मजुरी मोजली जाते तेव्हापासून इथल्या बायका पानं आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला कारखान्याची वाट तुडवतायत, आणि घरी आल्यावरही त्यांचे हात मोकळे नसतात. त्यांची मुलं कुणी सांभाळली? आजीनं, मोठ्या बहिणीनं, समोरच्या काकूनं. सगळ्यांची चांगली झाली असं म्हणणार नाही. पण बिघडली ती आई कामावर होती म्हणून, असंही मला दिसलेलं नाही. उलट काही कुटुंबं कुंभारीकडच्या घरकुलात राहायला गेली, स्वतःचं पक्कं घर मिळालं, पण आजी आणि काकू जुन्या गल्लीतच राहिल्या. ती मुलं माझ्याकडं जास्त आली. घर सुधारलं होतं, हाकेला ओ देणारी माणसं मात्र कमी झाली होती.

हाक आणि ओ, मला सांगायचंय ते एवढंच आहे. मूल दिवसभर हाका मारत असतं. तोंडानं मारली तीच हाक नव्हे. चमचा खाली टाकून तुमच्याकडं बघणं ही हाक. बंद दाराकडं बोट करणं ही हाक. तुमची ओढणी तोंडात घेणं, मधेच येऊन गुडघ्याला टेकणं, अगदी तुम्हाला चापट मारणं हीसुद्धा. आपण वळून बघतो, 'पडला का चमचा? टप्प वाजलं ना?' म्हणतो, तो ओ. त्यावर मूल पुन्हा काहीतरी करतं. ही ये-जा दिवसातून अनेकदा, रोज, तीन-चार वर्षं चालली की त्यातून भाषा येते, धीर येतो, आणि रडू आवरायची ताकदही येते. सगळ्या हाकांना ओ द्यायला कुणाचीच आई पुरत नाही, पुरायची गरजही नाही. मात्र ओ येईल असा भरवसा मुलाला हवा.

दोन घरं सांगते. एका घरात आई पूर्ण वेळ घरी. मूल चौदा तास तिच्या नजरेसमोर. पण सकाळपासून टीव्ही चालू, आणि तिच्या तोंडून मुलासाठी जे निघतं ते सगळं हुकूम: बस, खा, हात लावू नको, पडशील. दुसऱ्या घरात आई नर्स, पाळ्या बदलत्या, कधी सकाळी सातला घरी तर कधी रात्री नऊला. ती आल्यावर चपला काढून तिथंच पायरीवर बसते आणि हात पुढं करते. तिच्या हातातलं घड्याळ काढायचं काम मुलाचं. त्याला बक्कल जमत नाही, तीन-चार मिनिटं खटपट चालते, ती थांबते. घड्याळ निघालं की तो ते देवळीत नेऊन ठेवतो. मग बाकीचं. दोन्ही मुलं आज मोठी आहेत. त्यांच्यातला सगळा फरक त्या घड्याळानं केला असा दावा करणार नाही, परिस्थितीचे हजार धागे असतात. पण माझ्याकडं आल्यावर कोणतं मूल आईकडं वळून बघत खेळायचं आणि कोणतं बघायचंच नाही, ते मला आजही आठवतं.

मुलगा तुम्हाला बघून लपतो आणि मग मारतो, याचा अर्थ तुम्ही 'त्याला मी नकोय' असा लावलाय. मी उलटा लावते. मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. आई आणि मूल यांच्या लळ्यावरचं त्यांचं काम आजही आमच्या शिकण्यात आहे. आई खोलीतून निघून गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, याकडं त्यांनी लक्ष वेधलं. दिवसभर धरून ठेवलेली नाराजी मूल हक्काच्या माणसावर काढतं. परक्यावर कोण रुसतं? आणखी एक सांगते. एन्सवर्थबाईंनी हे काम सुरू केलं ते अमेरिकेत नव्हे, १९५० च्या दशकात आफ्रिकेतल्या युगांडात, जिथं मुलं आईखेरीज घरातल्या इतरांच्याही अंगाखांद्यावर वाढत होती. लळा एकाच माणसाचा लागतो असं नाही. नानम्माचा लळा तुमच्या वाट्यातून कापून घेतलेला नाही.

मात्र तुमच्या घरात एक गोष्ट रोज चुकतेय. सकाळी मूल मोबाइलमध्ये गुंगलेलं असताना तुम्ही मागच्या दारानं निघता, 'रडू नये म्हणून'. आणि सोमवारी बाबा पहाटे निघतो तेव्हा मुलगा झोपेत असतो. त्याच्या बाजूनं बघा. या घरात माणसं आहेत-आहेत म्हणेपर्यंत नाहीशी होतात. मग तो बेसावध कसा राहणार? सांगून निघा. 'आई बँकेत चालली. तू झोपून उठशील, नानम्मा दिवा लावेल, मग आई येईल.' रोज तेच वाक्य, अर्ध्या मिनिटात, आणि मग खरोखर निघायचं, चारदा मागं वळायचं नाही. आठ-दहा दिवस तो मोठ्यानं रडेल. न सांगता गेल्यावर जे आतल्या आत चालतं त्यापेक्षा हे रडणं मला चालतं.

आता तो पहिला अर्धा तास. साडेसहाला आल्यावर तुमचा क्रम तुम्हीच लिहिलाय: चहा, साडी बदलणं, बँकेच्या ग्रुपवरचे मेसेज, मग कणीक, आणि मग मुलगा. तो आधी घ्या. आल्याबरोबर उचलून मुके घ्यायचे नाहीत, तो लपलाय तर लपू दे. पर्स बाजूला ठेवून जमिनीवर बसा. मोबाइल पर्समध्येच राहू दे. पाच-सात मिनिटांत तो येईल, बहुधा मारायलाच येईल. हात धरा, 'रागावलास. आई उशिरा आली' म्हणा, आणि मग घड्याळासारखं एखादं काम त्याच्या हातात द्या. डबा पिशवीतून काढून मोरीपर्यंत न्यायचा, एवढंसुद्धा पुरतं. त्यानंतर त्याला काय करायचंय ते त्याला ठरवू दे, तुम्ही मागं मागं जा. शिकवू नका. 'हा कोणता रंग? ए फॉर काय?' हे त्या अर्ध्या तासात नको.

मोबाइल पर्समध्ये का, तेही सांगते. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसून-बोलून खेळते आणि मग थोडा वेळ चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हातवारे करतं, आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, कोमेजतं. मेसेज वाचणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा आरशात बघा. आई शेजारी बसलेली असते पण चेहरा दगडाचा. म्हणून सांगते, अर्धाच तास द्या, पण चेहरा त्याच्याकडं असू दे. त्याच ट्रॉनिक यांच्या कामातून एक दिलासाही मिळतो: चांगल्या जमलेल्या माय-लेकरांतही बराच वेळ सूर जुळलेले नसतातच. जुळतात, निसटतात, पुन्हा जुळतात. निसटल्यावर पुन्हा जुळणं हेच मूल शिकत असतं. तेव्हा एखाद्या संध्याकाळी तुम्ही खेकसलात तर सगळं वाया गेलं असं धरू नका.

जेवणाचं. इथं सगळे घाई करतात आणि सगळे हरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलाला स्क्रीन दिवसाला एका तासाहून जास्त नको, जितकी कमी तितकी बरी. पण माझा जेवताना मोबाइलला विरोध आहे तो तासांपुरता नाही. व्हिडिओ बघणाऱ्या मुलाच्या तोंडात घास जातो तेव्हा त्याला भूक लागली होती की पोट भरलं, चटणी तिखट होती की वरण गोड, काही कळत नाही. शिवाय दिवसातल्या सगळ्यात जास्त हाका जेवताना असतात, त्या सगळ्या गिळल्या जातात.

पण एकदम तिन्ही वेळचा मोबाइल बंद करू नका. दुपारच्या जेवणाला तर हातच लावू नका. भुकेनं पेटलेलं पोर आणि स्वतःचे दुखरे गुडघे या दोन्हींशी एकटीनं लढ, असं साठी ओलांडलेल्या बाईला सांगणं माणुसकीला धरून नाही. सुरुवात रात्रीच्या जेवणापासून, कारण तेव्हा तुम्ही घरी असता. संध्याकाळचं दूध बंद. दिवसाचं दूध दोन कपांवर आणा, बाटली काढून टाका. आठच्या आत सगळे खाली बसा, त्याचं ताट तुमच्या ताटाला लागून. भाकरीचा तुकडा वरणात बुडवायचं काम त्याचं. शेंगाचटणी तेलात कालवून जराशी चाखायला द्या, सोलापूरच्या पोराला कळू दे. वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचला, खाल्लं असो वा नसो. मागं धावून भरवायचं नाही. पहिले चार-पाच दिवस तो दोन घास खाऊन उठेल आणि घरातले सगळे तुमच्याकडं अपराध्यासारखं बघतील. तेवढे दिवस काढा. वजन आधी करून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत करा, म्हणजे वाद काट्यावर मिटतो. वजन वाढीच्या तक्त्यावर आधीच खाली असेल किंवा गिळताना ठसके लागत असतील, तर मात्र हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.

सासूबाईंना हे कसं सांगायचं, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. 'डॉक्टर म्हणाल्या मोबाइल वाईट' असा निरोप घरी नेऊ नका. त्यांनी मोबाइल दिला तो लाडानं नाही. गॅसवर भात, दारात भाजीवाला, आणि पायात पायात येणारं पोर अशा वेळी दुसरा उपाय नव्हता म्हणून दिला. त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा आणि डॉक्टरला त्यांच्याशी बोलू दे. आणि त्यांचा भार कमी करायची काहीतरी सोय करा: दुपारी दोन तास मदतीला कुणी, किंवा तीन पूर्ण झाल्यावर जवळची अंगणवाडी. अंगणवाडी म्हटल्यावर नाक मुरडू नका. बोर्डी-कोसबाडच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तिथून हा शब्द आला. दोन तास दहा मुलांत बसणं तुमच्या लेकाला हवंच आहे.

आणि पाणी! आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही कधी अवेळी, आणि त्या दोन तासांत घराचं रणांगण होतं. माझ्याकडच्या अनेक आया म्हणतात, पाण्याच्या दिवशी मोबाइल द्यावाच लागतो. एकीनं काढलेला तोडगा मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. मुलाला एक छोटा लोटा आणि एक छोटी बादली, आणि त्याचं 'पिंप' वेगळं. भिजेल, सांडेल. पण 'भरलं', 'अजून', 'सांडलं', 'जड', 'नळ बंद' हे शब्द पाठ करून घेतलेल्या चित्रांच्या पुस्तकापेक्षा इथं पक्के होतात. बादलीजवळून नजर मात्र हलवायची नाही, लहान मुलाला बुडायला वीतभर पाणीही जास्त होतं.

नवऱ्याबद्दल थोडंच. दर शनिवारी खेळणं आणतो असं लिहिलंय. खेळणी थांबवा, काम द्या. शनिवार-रविवारची अंघोळ बाबाची, तेल लावण्यापासून पावडरीपर्यंत, आणि तेव्हा तुम्ही मधे मधे सूचना द्यायच्या नाहीत. डोळ्यात साबण जाईल, एकदा जाईल. गड्ड्याची जत्रा वर्षातून एकदा येते, अंघोळ रोजची आहे, आणि मुलाच्या अंगाला आठवतं ते रोजचंच. सोमवारी निघताना त्याला उठवून सांगून जाऊ दे, पहाट असली तरी. आणि रात्री साडेदहाचा व्हिडिओ कॉल आठच्या आत घ्या. जवळच्या माणसाशी व्हिडिओवर बोलणं मी स्क्रीनच्या त्या एका तासात धरत नाही, पण त्या कॉलपायी तुमचा मुलगा साडेअकराला झोपतो, आणि या वयाला दुपारची धरून अकरा-बारा तास तरी झोप लागते. अर्धी किरकिर तिथंच कमी होईल.

नोकरी कधी सोडावी? मुलाला मोठं दुखणं असेल, रोजच्या थेरपीला नेणारं कुणी नसेल, सांभाळणाऱ्या माणसावर विश्वास नसेल, किंवा तुमचं स्वतःचं मनच या ओढाताणीत खचत असेल, तर लांब रजा घ्या, प्रसंगी सोडाही. त्यात कमीपणा नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली, तुम्ही ती पूर्ण घेतली आणि मूल सहा महिन्यांचं असताना कामावर परतलात. आठव्या-नवव्या महिन्यात मुलं नव्यानं माणसं ओळखून बिलगायला लागतात, नेमकं तेव्हा तुम्ही बाहेर होतात. हा तुमचा दोष नव्हे, रजेचं गणित तसं आहे. पण आज तुमच्या घरात एक प्रेमळ आजी आहे आणि पगाराची गरज आहे, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी केवळ अपराधीपणापोटी नोकरी सोडलेल्या आया मी बघितल्यात. सहा महिन्यांनी त्या मुलाकडं 'तुझ्यासाठी सोडली' अशा नजरेनं बघायला लागतात, आणि ते मुलाला कळतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: या आठवड्यात कान आणि रक्त. उद्यापासून सांगून निघणं आणि पहिला अर्धा तास. पुढच्या सोमवारपासून रात्रीचं जेवण. सहा आठवडे हे करा, मग नोकरीचा विषय पुन्हा काढू.

आणि तपासणीला जाल त्याआधी एक काम. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडा, त्याच्या मागं त्याला येणारे सगळे शब्द लिहा. एकट्यानं नाही, सासूबाईंना शेजारी बसवून. त्यांना आठवतील ते त्यांनी सांगायचे, तुम्ही देवनागरीत लिहायचे. 'नीळ्ळू' आणि 'पाणी' दोन्ही येत असतील तर दोन धरा. भूभू, हम्मा, बाबाच्या गाडीचा 'भोंऽऽ' हेही धरा, मुलं ते अर्थानंच वापरतात. किती भरले ते इथं कळवा, पंचवीसपेक्षा बरेच भरतील असा माझा अंदाज आहे.